मागची सीट

काच डोक्यावरून नेता येते, खांद्यावरून नेता येते, हातगाडीवर गोणपाट अंथरून नेता येते. आम्ही ती स्कूटरवरून नेतो. लोक हे ऐकून आधी हसतात आणि मग आमच्याच दुकानात येतात, कारण बाजाराच्या गल्ल्यांत दिवसा टेम्पोला शिरू देत नाहीत आणि फुटक्या खिडकीला संध्याकाळपर्यंत धीर नसतो. नवरा स्कूटर चालवतो, मी मागे बसून काच धरते. ऐकायला सोपं वाटतं. इतकं सोपं असतं तर सासूबाईंनी ते काम केव्हाच धाकट्या लेकाला देऊन टाकलं असतं.

स्कूटरच्या डाव्या अंगाला ह्यांनी एक लाकडी फळी बसवून घेतली आहे, तिला रबर लावलेली खाच आहे. काचेची खालची कड त्या खाचेत बसते. माझा डावा हात काचेच्या बाहेरून, उजवा वरच्या कडेवर आणि डावी मांडी आतून टेकलेली. साधी काच असली तर पलीकडचं दिसतं. आरसा असला की ह्यांच्या डावीकडचं जगच नाहीसं होतं. मला मात्र दिसतं, कारण माझी सीट उशी घालून उंच केलेली आहे. गर्दीत ओरडून उपयोग नसतो, आणि ओरडलं की अंग हलतं, अंग हललं की काच हलते. म्हणून आम्ही गुडघ्यांनी बोलतो. डावा गुडघा ह्यांच्या कमरेला टेकवला की डावीकडे कुणीतरी आहे. उजवा टेकवला की उजवीकडे कुणीतरी आहे. दोन्ही गुडघे एकदम आवळले की थांबा, असाल तिथे थांबा, काही विचारू नका. आम्ही नवरा-बायको आयुष्यात तोंडाने जेवढं बोललो असू त्याच्यापेक्षा जास्त गुडघ्यांनी बोललोय, आणि गुडघ्यांनी बोलताना आमचं भांडण कधी झालं नाही.

त्या दिवशी आरसा होता. दारापेक्षा रुंद, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका सलूनमध्ये न्यायचा. सलूनवाल्याचा जुना आरसा रंगाऱ्याच्या शिडीने फुटला होता आणि तो सकाळपासून फोनवर फोन करत होता.

"वहिनी, गिऱ्हाइकं भिंतीकडे तोंड करून बसलीत, शाळेत शिक्षा केल्यासारखी. लोक म्हणतात, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. इथे न्हावी रिकामा नाही हो, भिंत रिकामी आहे!"

मी हसले आणि फोन डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. डाव्या हाताचं आता काही खरं नव्हतं.

बरेच दिवस माझी बोटं बधिर होत होती. आधी अंगठ्याशेजारची दोन, मग पंजाच. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा व्हायच्या, आणि मग तो हात आपला आहे की कुणी पाहुणा विसरून गेलाय असं वाटायचं. उजवाही त्याच वाटेने निघाला होता, फक्त जरा मागे होता. कप निसटला की मी साबणाला दोष द्यायचे. कुलूप उघडेना की किल्लीला. डॉक्टरकडे गेले नाही, कारण ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो सांगणार विश्रांती घ्या. विश्रांती घ्या म्हणजे घरी बसा, आणि घरी बसा म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

धाकटे दीर गोदामातली नोकरी गेल्यापासून घरी होते आणि सासूबाईंचा जप चालू होता. "त्याचे हात बघ कसे आहेत. दार नाही, अख्खी भिंत धरील. आणि तू बाईमाणूस काचा घेऊन गावभर हिंडतेस, नि तो बिचारा घरी वाटाणे सोलतो." वाटाणे दीर सोलत नव्हते, परत आल्यावर मीच सोलत होते. पण आपला तो बाब्या. ती सीट त्यांच्याकडे गेली की मी पुन्हा त्या स्वयंपाकघरात, जिथे लग्नानंतरची कित्येक वर्षं मीठ जास्त झालं की कमी एवढ्याच विषयावर माझं मत कुणी विचारत होतं. ह्यांचा जुना मदतनीस सोडून गेला तेव्हा "आजच्या दिवस चल" म्हणून मी मागे बसले आणि पुन्हा उतरलेच नाही. माझ्यावाचून कुणाचं काही अडतंय हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मला ती सीट सोडायची नव्हती. कुणी काहीही म्हणो, नव्हती.

आरशाला जुनी चादर गुंडाळली, दोऱ्या आवळल्या. मी चामड्याचे हातमोजे घातले, उशीवर बसले, आरसा खाचेत बसवला. ह्यांनी मागे वळून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बसलीस नीट?"

"बसले. निघा."

"पूल टाळून जाऊ या का? लांब पडेल, पण..."

"पूल का टाळायचा? रोज जातो की." मी म्हटलं, आणि माझा आवाज उगीचच चढला. हे काही बोलले नाहीत. बोलेल त्याची बोरं विकली जातात म्हणतात, पण ह्यांची बोरं अशीच पडून राहतात.

बाजाराच्या गल्लीत काही झालं नाही. म्हणजे जे रोज होतं तेच झालं. हातगाडीवरून लोखंडी नळ पुढे आलेले, दुकानातून कुणी तरी उलटी खुर्ची डोक्यावर घेऊन न बघता रस्त्यात उतरलेला, फोनवर बोलत उलटा चालणारा एक तरुण. डावा गुडघा, उजवा गुडघा, पुन्हा डावा. एका माणसाने शेजारून जाता जाता चादर चाचपून विचारलं, "बाई, टीव्ही का?" मी म्हटलं, "हो, आणि तुम्हीच दिसणार आहात त्यात." तो खूश होऊन गेला. माझी बोटं तोवर शाबूत होती.

पुलावर चढलो आणि वारा आला. वाऱ्याला सपाट वस्तू आवडते. आरसा आधी माझ्या मांडीवर रेलला, मग बाहेर ओढ घेऊ लागला. मी डाव्या हाताने तो आत ओढून धरला आणि पुलाच्या ऐन चढावर मला कळलं की हाताला काहीच कळत नाहीये. मुंग्या नाहीत, दुखणं नाही, चामड्याचा खरखरीत स्पर्श नाही. बोटं आरशावर आहेत की हवेत, ते मला मान वाकवून बघावं लागलं. होती. मी बघत राहिले तोवर होती. नजर काढून पुढे बघायचं म्हणजे ती तिथेच राहतील यावर विश्वास ठेवायचा, आणि डावीकडे न बघावं तर ह्यांना डावीकडचं सांगणार कोण? मी एकदा बोटांकडे, एकदा रस्त्याकडे बघत होते. सांग, मी स्वतःला म्हणत होते, दोन्ही गुडघे आवळ आणि सांग. आणि लगेच सासूबाईंचा आवाज ऐकू यायचा. त्याचे हात बघ कसे आहेत.

मी सांगितलं नाही. पूल उतरेपर्यंत जीव मुठीत धरायचा म्हटलं तर मूठच जागेवर नव्हती.

पूल उतरल्यावर सिग्नल लागला. आमच्या डाव्या बाजूला शाळेची व्हॅन येऊन थांबली, अगदी चिकटून. खिडकीतून एक लहानसा हात बाहेर आला आणि चादरीच्या दोरीशी खेळायला लागला. गाठ सोडत होता. मागून दुसऱ्यानेही हात बाहेर काढला. मी "अरे, नको" म्हटलं तर दोघं खिदळले आणि आणखी ओढायला लागले. त्या चादरीखाली केवढी काच आहे आणि ती कुणाच्या हातात आहे हे त्यांना काय माहीत? ते माहीत होतं फक्त मला. आरसा आता निसटला असता तर सरळ त्या मनगटांवर आला असता. मी उजव्या हाताने वरची कड इतकी आवळली की खांदा कळवळला. सिग्नल सुटला, व्हॅन गेली, सैल झालेला दोरीचा शेंडा वाऱ्यावर फडफडत राहिला.

हे त्या वेळी सांगायला हवं होतं. अक्कल असलेल्या कुणालाही एवढं कळलं असतं. मला अक्कल होती, पण हट्ट तिच्याहून मोठा होता.

मोठ्या चौकात तर सगळ्या शहराला एकाच वेळी कुठे तरी पोचायचं असतं. पाच रस्ते, मध्ये गोल, बस, ट्रक, सायकली, आणि या सगळ्यांतून चालत पलीकडे जाणारी माणसं. आम्ही गोलाला वळसा घालायला लागलो. वळणावर आरशाचा भार बाहेर जातो, रोजच जातो, आणि मी तो आत घेते. त्या दिवशी मी आत घ्यायला गेले आणि डावा हात नुसता चादरीवरून घसरला. आरसा कलला. दोरी सुटलेलीच होती, चादरीचं एक टोक उडालं आणि उन्हाचा लखलखता पट्टा समोरच्या ट्रकवर, बसवर, माणसांच्या तोंडांवर फिरला. लोकांनी डोळ्यांवर हात घेतले.

हाताने धरता येईना तेव्हा मी उरल्यासुरल्या अंगाने धरला. मांड्या आवळल्या, गुडघे आवळले, जेवढा जोर होता तेवढा.

आणि ह्यांनी ब्रेक मारला.

ऐन चौकात, वळणावर, मागे बस असताना. बरोबरच होतं त्यांचं. दोन्ही गुडघे म्हणजे थांबा, काही विचारू नका. ह्यांनी विचारलं नाही. मागे बसचा ब्रेक किंचाळला, कुणी तरी ओरडलं, आणि मी डोळे मिटून घेतले. काच फुटल्याचा आवाज कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे. मी त्याची वाट बघत होते.

तो आला नाही. डोळे उघडले तर हे सीटवरून अर्धे वळलेले, खांदा आणि गाल आरशाला लावून त्याला थोपवत होते. बसचं तोंड माझ्या पाठीला जवळजवळ लागलं होतं, इंजिनाची धग मानेवर येत होती. ड्रायव्हर खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होता.

वाहतूक पोलीस शिट्टी फुंकत धावत आला. "मरायला हाच चौक सापडला का? आणि झाका तो आरसा आधी! वाहतूक काय कमी आहे, तर आरशात दुप्पट करून दाखवताय?" बोलता बोलता त्यानेच आरशाचं एक टोक धरलं. आम्ही दोघं आणि तो, अशा तिघांनी आरसा उचलून मधल्या दुभाजकावर नेला आणि खांबाला टेकवून उभा केला. स्कूटर त्याने ढकलत चौकीपाशी लावली.

मग आम्ही दोघं त्या दुभाजकावर, दोन्ही बाजूंनी गाड्या धावताहेत आणि मध्ये चादर पांघरलेला आरसा.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. "डावीकडे कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग थांब का म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे. हातमोजा ओढून काढला. बोटं पांढरीफटक पडली होती. ह्यांनी तर्जनी धरून चिमटा काढला, चांगला नखाने. मी बघत होते म्हणून कळलं की चिमटा काढला.

"किती दिवस झाले?"

"बरेच." मग मीच उसळले. "आणि सांगितलं असतं तर? आज भावजी बसले असते माझ्या जागेवर, आणि मी घरी मीठ मोजत!"

एक ट्रक गेला, धुरळा उडाला, तो खाली बसला.

"सोमवारपासून तो येणार आहे," हे म्हणाले.

"कोण?"

"धाकटा. परवाच सांगितलं त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला न सांगता?"

"तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. दर वेळी गाडी काढताना वाट बघायचो, की तू म्हणशील, आज नको." ह्यांचा आवाज खाली गेला. "आज पूल टाळू या म्हणालो, तरी बोलली नाहीस."

मी बोलले तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरचे लोक थांबून बघायला लागले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? माझ्या हातात जीव नाही हे माहीत असून हा आरसा दिलात माझ्या हातात? परीक्षा घेत होतात माझी? त्या व्हॅनमधल्या पोरांनी हात बाहेर काढले होते, अहो! त्यांचे हात गेले असते तर कुणाची परीक्षा झाली असती?"

ह्यांचं तोंड उतरलं. व्हॅन ह्यांनी पाहिलीच नव्हती. डावीकडे होती ना ती.

"चुकलं," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दोघांचंही."

ते मला मान्य नव्हतं. मला ते अर्ध्याहून जास्त त्यांच्यावर ढकलायचं होतं. पण आरसा तिथे ठेवून भांडण पुरं करता येत नव्हतं. पोलीस पुन्हा आला आणि म्हणाला, "संसार नंतर करा, आधी हे इथून हलवा." चौकातून स्कूटर पुन्हा त्या आरशासकट काढू देणार नाही असंही त्याने सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

मोठी काच लांब चालत न्यायची तर आम्ही रुंद कापडी पट्टे वापरतो. काचेखालून घ्यायचे आणि खांद्यावर अडकवायचे. भार खांद्यावर येतो, हात नुसता वर टेकवून ठेवायचा. ते डिकीत होतेच. ह्यांनी एक पट्टा माझ्या उजव्या खांद्यावर घातला, एक स्वतःच्या, आणि आम्ही चालायला लागलो. हे पुढे, मध्ये आरसा, मागे मी.

आता गुडघे कामाचे नव्हते. मला पुढचं दिसत नव्हतं, ते ह्यांनाच ओरडून मला सांगावं लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही रस्त्यावर तोंडाने बोलत होतो आणि त्यातच आमचं भांडण चाललं होतं.

"खड्डा!"

"दिसला. भावजींना सांगताना तुमची जीभ कशी—"

"पायरी!"

"—झडली नाही?"

"फूटपाथ संपला, खाली उतर. आईने रोज डोकं खाल्लं माझं."

"तुमच्या आईने माझं पण खाल्लं. मी दिलं का कुणाला तुमचं दुकान?"

"डावीकडे घे, सायकल!"

एका औषधाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या आजीबाई आमच्याबरोबर थोडं चालल्या, कारण त्यांना पुढचं ऐकायचं होतं. "बाई बरोबर बोलतेय," त्या ह्यांना म्हणाल्या. हे म्हणाले, "आजी, बाजूला व्हा, काच आहे." आजी म्हणाल्या, "काच आहे ते दिसतंय, तुझं डोकं कुठाय ते बघतेय." एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा आलं नाही. पट्टा खांद्यात रुतत होता, उजव्या हातालाही मुंग्या यायला लागल्या होत्या, आणि प्रत्येक वळणावर माणसं आरशाच्या इतक्या जवळून जात होती की मी श्वास आत घेऊन थांबत होते. भांडत होते ते त्यामुळेच. गप्प बसले असते तर रडू आलं असतं.

"अजून किती?" मी विचारलं.

"आलंच." ह्यांचं आलंच म्हणजे काय ते मला माहीत आहे.

शेवटी सलूनची पाटी दिसली. सलून पहिल्या मजल्यावर होतं. अरुंद, उभा जिना, मध्येच वळलेला. हे मी विसरले नव्हते, पण तोवर त्याचा विचार करायला जागाच नव्हती.

जिन्यावर पट्टे कामाला येत नाहीत, काच उभी करावी लागते. वरचा माणूस उलटा चढतो आणि वाट काढतो. भार सगळा खालच्यावर येतो, आणि तो नुसत्या बोटांनी धरायचा असतो, कडेखाली बोटं घालून. खालची जागा नेहमी माझी. मी कडेखाली बोटं बसवायची आणि "उचला" म्हणायचं, मग हे उचलायचे. मी म्हटल्याशिवाय हे कधी उचलत नाहीत.

आम्ही आरसा जिन्याच्या तोंडाशी टेकवला. ह्यांनी पट्टे काढले. दोन पायऱ्या वर जाऊन उभे राहिले, वरची कड धरली आणि माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही. नुसते थांबले.

मी बोटं कडेखाली घातली. गेली की नाही ते वाकून बघितलं. गेली होती. दुभाजकावर हात झटकला होता, वाटेत दोनदा झटकला होता, कदाचित धरतीलही, असं मनात आलं. एवढाच तर जिना. वर पोचलं की मग सोमवारचं काय ते बघता येईल, मग म्हणता येईल, बघा, नेला की नाही मी वरपर्यंत? हे खाली बघत होते, आणि मी उचला म्हणाले असते तर ह्यांनी उचललं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या शब्दावर हा माणूस भर चौकात बससमोर थांबला होता.

"माझ्याने नाही होणार," मी म्हणाले.

एकदा बोलल्यावर पुन्हा बोलता आलं, जरा मोठ्याने. "माझ्या हातात काही उरलं नाही. वरून कुणाला तरी बोलवा."

सलूनवाला धावत खाली आला, त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक. दोघांनी खालची बाजू घेतली. मी सांगितलं बोटं कुठे घालायची, वळणावर कुणी आधी पाऊल टाकायचं. ते चढले. मी मागून रिकाम्या हातांनी जिना चढले. त्या जिन्याइतकं जड मला काही वाटलेलं नाही.

आरसा भिंतीला लागला. सलूनमध्ये टाळ्या वाजल्या. सलूनवाल्याने मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं, आणि ग्लास माझ्या हातून घसरायला लागला तसा ह्यांनी तो खालून धरला. मला रडू आलं. सगळ्यांसमोर, अगदी नाक ओढत. गिऱ्हाइकं बिचारी नवीन आरशात बघू की नको अशी बसली.

ह्यांचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज फोनमधून सगळ्या सलूनला ऐकू जातो. "पोचला का आरसा? फुटला नाही ना? आणि सोमवारी धाकट्याला किती वाजता उठवू?"

"त्याला नको उठवूस, आई."

"म्हणजे?"

"हिच्या हाताला झालंय काहीतरी. उद्या डॉक्टरकडे नेतोय. बरा होईपर्यंत मी गाडीच काढणार नाही. दुकानात बसून काचा कापीन, ज्याला हवी तो येऊन नेईल."

"लोक येतील होय? आणि धाकट्याला काय सांगू? परवा कबूल केलंस ना त्याला?"

"मी सांगेन त्याला. चूक माझीच आहे."

मग सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता, "आणि हात बरा नाहीच झाला तर रे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही तेच विचारायचं होतं.

"ते मला माहीत नाही," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

खोटं बोलता आलं असतं. होईल बरा, म्हणता आलं असतं. नाही म्हणाले. मला त्या क्षणी ह्यांचा राग आला आणि त्याच क्षणी तो गेलाही.

मग हे माझ्या खुर्चीसमोर खाली बसले, कापलेल्या केसांच्या ढिगातच, आणि माझा डावा हात दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागले. रस्त्याने चालताना कधी माझा हात न धरलेला माणूस. सलूनवाला कात्री हातात तशीच धरून बघत होता, साबण लावलेलं गिऱ्हाईक बघत होतं, बाकावरचे सगळे बघत होते. ह्यांचे कान लाल झाले, पण हात थांबला नाही. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत, चामड्याने घासून खरखरीत झालेल्या अंगठ्याने.

"कळतंय का काही?" ह्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही."

थोडा वेळ आणखी चोळलं. अंगठ्याच्या शेजारून एक बारीक मुंगी निघाली, मग दुसरी, आणि मग ह्यांच्या तळव्याची ऊब हळूहळू माझ्या बोटांत शिरली.

"आता?"

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."